न उतरलेला झोका

धुरपदाबाईंचं माहेर आणि सासर एकाच गावात, मधे फक्त मारुतीचा पार. त्यांची वरात निघाली ती चुलीवरचं दूध उतू जायच्या आत पोचली, असं बायका अजून हसून सांगतात. याच एका गोष्टीवर पुढं ओढ्याकाठचा लिंब तगेल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

गंगाखेडच्या वाटेवरचं ते गाव. कालव्याचं पाणी आलं तसा ऊस आला. उसावर सावली पडते म्हणून बांधावरच्या बाभळी गेल्या. मग पंडित नावाच्या ठेकेदारानं वीटभट्टी घातली आणि ओढ्याचे लिंब एकेक करून तिच्या पोटात गेले. शहाऐंशी साली नऊ लिंबांतला एक उरला. चैत्रात गावची सगळी गुरं त्या एका सावलीत शिंगाला शिंग लावून उभी राहिली. धुरपदाबाईंनी ते बघितलं आणि मनाशी ठरवलं, हा जाऊ द्यायचा नाही.

भादव्यात त्याचाही सौदा झाला. शाळेवर पत्रे टाकायला पैसा हवा होता. सरपंच भगवानराव म्हणजे धुरपदाबाईंचे चुलतभाऊच. पंडितला आणि कुऱ्हाडवाल्यांना घेऊन ते आले, तेव्हा पंचमीचा झोका फांदीवर तसाच होता. रीत अशी, की माहेरी आलेल्या लेकींसाठी मोटेचा जुना दोर बांधायचा आणि शेवटची लेक वेशीबाहेर गेली की सोडायचा. तोवर त्या झाडाला लोखंड लावायचं नाही.

"धुरपे, दोर सोडायलाव आमी. बाजूला हो."

"लेकी गेल्या का समद्या, दादा?"

"कवाच्या! कोकिळाला तर म्याच यष्टीत बसवलं."

"अन् मी?"

"तुझं काय?"

"मीबी गावची लेकच हाय की. मी कुठं वेस वलांडली?"

"आगं, पाराच्या पल्याड तुझं घर!"

"पार म्हंजी वेस न्हवं."

पंडित हसायला लागला. "सरपंच, बहीण लय वकील हाय तुमची."

"अन् शाळेचे पत्रे?" भगवानराव चिडले.

"आणा की. पत्र्याखाली पोरं भाजायला लागली की बसवायची कुठं, त्ये बी सांगा."

कुऱ्हाडवाल्या मुंजाजीनं कुऱ्हाड खांद्यावर टाकली. "माझ्या पोरी ह्याच झोक्यावर खेळल्या. दोर हाय तवर म्या हात लावणार न्हाई."

"ऱ्हाऊ द्या," भगवानराव म्हणाले. "कुजून आपसूक पडंल. मग बोल."

पडला तर रीत संपली, हे धुरपदाबाईंनाही कळत होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी अंबाडीच्या सालीचा वाख काढला आणि शिडी लावून दोराची विरलेली जागा त्या नव्या धाग्यानं पिळून घेतली. पुढं दर महिन्याला तेच. नवरा लिंबाजी शिडी धरून उभा राही आणि म्हणे, "एवढी काळजी माझ्या धोतराची घेतली असती तर!"

सहा वर्षांत मोटेच्या दोराचा एक धागा उरला नाही. भगवानरावांनी आपल्या नातीला त्या झोक्यावर झुलताना बघितलं.

"त्योच दोर का गं हा, धुरपे?"

"त्योच. एक दिसबी खाली उतरला न्हाई."

त्यांची नजर झाडाखाली गेली. निंबोळ्यांची पाच रोपं उगवली होती आणि धुरपदाबाईंनी भोवती काटे रोवले होते. त्यांना झोका पेलायला अजून पंधरा वर्षं तरी लागतील. तोवर वाख लागणारच. म्हणून त्या सालीही त्यांनी उसाच्या कडेनं दोन ओळी अंबाडी पेरली.