वस्तादांची डावी बाजू

किस्से कुणी ठरवून साठवत नाही. तालमीच्या कोपऱ्यात जुने लंगोट साठतात, तसे ते साठतात. कोण टाकून गेलं ते आठवत नाही आणि फेकून द्यायला कुणी तयार नसतं! सांगलीत कृष्णेच्या घाटाजवळ आमची तालीम होती. मी शाळेत कवायत मास्तर. शाळा सुटली की थेट लाल मातीत. लढाईचे दिवस होते. साखर रेशनवर, रॉकेल रेशनवर. भरपूर मिळायच्या त्या फक्त तात्याबा वस्तादांच्या शिव्या!

वस्ताद म्हणजे पन्नाशी ओलांडलेला, पण तालमीच्या दारातून अजूनही तिरपा होऊन आत येणारा गडी. हे सगळे किस्से त्यांचेच. लोक विचारतात, "मास्तर, एका माणसाचे एवढे किस्से?" मी म्हणतो, एका माणसाचे कुठले, त्यांच्या अर्ध्या अंगाचे आहेत!

* * *

वस्तादांची शिवी लांबलचक असायची. पैलवानाच्या आज्यापासून सुरू व्हायची आणि गोठ्यातल्या म्हशीपर्यंत जाऊन थांबायची. त्या दिवशी आमच्यातल्या गोविंदानं पट काढताना घोटाळा केला. वस्ताद कडाडले, आज्यापर्यंत गेले आणि तिथंच अडकले.

गोविंदा मान खाली घालून उभा. पुढचं काही येईना. शेवटी त्यानंच अदबीनं आठवण करून दिली, "वस्ताद, म्हशीचं ऱ्हायलं."

वर बघतो तर वस्तादांचं तोंड एका बाजूला ओघळलेलं. हातातला दुधाचा पेला मातीत. अंगावरून वारं गेलं होतं. डावा हात आणि डावा पाय, दोन्ही लाकूड!

* * *

घरी आणलं, डॉक्टर तपासून गेले आणि वस्तादांनी भिंतीकडं तोंड केलं ते केलंच. धड बोलणं नाही, जेवणं नाही. बघायला येणारा प्रत्येक जण एक औषध सांगून जायचा. त्यांची बायको, आमच्या अनसावैनी, सगळ्यांना "व्हय, व्हय" म्हणायच्या आणि चुलीपाशी जाऊन डोळे पुसायच्या.

एक लांबचे पाहुणे तर जिवंत कबूतरच घेऊन आले. त्याचं ऊन ऊन रक्त चोळलं की वारं उतरतं म्हणे! त्यांनी सुरी काढली, कबूतर धरलं.

तेवढ्यात भिंतीकडनं जड, बोबडा आवाज आला, "त्येला इचारलं का?"

कितीतरी दिवसांनी वस्ताद बोलले होते! वैनी एका डोळ्यानं हसायला लागल्या, एका डोळ्यानं रडायला. त्या गडबडीत पाहुण्यांची मूठ सैल झाली, कबूतर निसटलं आणि आढ्यावर जाऊन बसलं. पुढं ते तिथंच राहिलं आणि बरोबर वस्तादांच्या उशीवर घाण करत राहिलं.

पाहुणे मात्र गावभर सांगत फिरले, "बघा, औषध लागू पडलं!"

* * *

थोडे दिवस गेल्यावर डॉक्टर पुन्हा तपासायला आले. पाय दाबून बघितला, गुडघ्यावर हातोडी मारली आणि म्हणाले, "आता झोपणं पुरे. व्यायाम सुरू करा."

व्यायाम! ज्यानं अर्ध्या सांगलीकडनं जोर-बैठका काढून घेतल्या त्याला व्यायाम!

"गेलेलं अंग गेलं, डाक्टर," वस्ताद म्हणाले. "आता कशाला?"

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "तालमीत एखादा मरतुकडा नवा गडी आला, तर पहिल्या दिवशी त्याला काय करायला लावता?"

"माती उकरायला."

"कुस्ती नाही?"

"कुस्ती? त्येला लंगोट धड नेसता येत न्हाई!"

"मग हा तुमचा डावा पाय कालच तालमीत आलाय असं समजा."

वस्ताद त्या पायाकडं बघत राहिले. आणि मग त्यांनी त्याला एक शिवी घातली. आज्यापासून म्हशीपर्यंत, अख्खी!

* * *

पाय तालमीत आला, पण हाताचं काय? त्याची सोय वैनींनी केली. त्या पहाटे दळायला बसायच्या. एके दिवशी त्यांनी वस्तादांना जात्यापाशी बसवलं, त्यांचा डावा हात खुंट्यावर ठेवला, वर आपला हात धरला आणि म्हणाल्या, "वढा."

"हे बायकांचं काम हाय!"

"व्हय. म्हणूनच तुमास्नी जमंना झालंय."

वस्ताद दळू लागले, पण दाराला आतून कडी लावून! मी एकदा निरोप घेऊन गेलो तेव्हा खिडकीतून मला दिसलं. वस्तादांनी तिथूनच दम भरला, "मास्तर, कुणाला सांगितलं तर तंगडी मोडीन!"

मी कुणाला सांगितलं नाही. फक्त माझ्या दोस्ताला, सिदू हवालदाराला सांगितलं!

दुसऱ्या पहाटे वस्तादांच्या दारात पैलवानांची रांग. वस्तादांनी हाताचा नवा व्यायाम काढलाय, तो आम्हालाही शिकवा! गोविंदानं मांडी ठोकून जात्याला हात घातला आणि थोड्या वेळात धापा टाकायला लागला. वस्ताद एका बाजूनं खो खो हसत होते. तोंडाची दुसरी बाजू अजून हसायची नाही.

वैनींनी संधी सोडली नाही. आळीतल्या सगळ्या बायकांची ज्वारी दळून झाली. निघालेल्या पैलवानांना म्हणाल्या, "उद्या मिरच्या कांडायच्या हायेत. त्यो छातीचा यायाम हाय!"

* * *

हा सिदू हवालदार म्हसवडचा. पायाला गोळी लागून फौजेतून परत आलेला आणि सांगलीत हळदीच्या गोदामावर रखवालीला राहिलेला. वस्तादांना चालवायचं काम त्यानं आपण होऊन अंगावर घेतलं.

सकाळी दोघं घाटाच्या रस्त्यावर. एक उजव्या पायानं लंगडणारा, एक डावा पाय ओढणारा.

"लेफ्ट!"

वस्ताद जागच्या जागी.

"लेफ्ट म्हनलो की, वस्ताद!"

"लेफ्ट रजेवर गेलाय, हवालदार."

सिदूनं टाचा जुळवल्या. वस्तादांच्या डाव्या पायाला कडक सॅल्यूट ठोकला आणि सगळा घाट दणाणेल असा ओरडला, "छुट्टी कॅन्सल! ड्यूटीपर हाजिर हो!"

घाटावर धुणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. वस्तादांनाही हसू फुटलं. हसता हसता तोल पुढं गेला आणि तो सावरायला डावा पाय फरफटत का होईना, आपला आपण पुढं सरकला!

सिदूचे डोळे भरले. पण फौजी माणूस, ते कसं दाखवणार?

"लेट आला," तो म्हणाला. "लेट आल्याबद्दल आनखी एक फेरी!"

* * *

चालणं जमायला लागलं तसं डॉक्टर म्हणाले, आता वजन घेऊन उठ-बस करा, मांड्या भरू द्या. तालमीतली लोखंडी वजनं वस्तादांना झेपायची नाहीत. गूळ बाजारातले मल्लाप्पाण्णा त्यांचे जुने दोस्त. त्यांनी गुळाची लहान ढेप पाठवून दिली. "लोखंड कशाला, वस्ताद? ह्ये गोड वजन घ्या!"

वस्ताद ढेप फडक्यात बांधून छातीशी धरायचे आणि पाटावरून उठायचे, बसायचे, उठायचे. सुरुवातीला डोळ्यांपुढं काजवे. मग हळूहळू ढेप हलकी वाटू लागली. मग आणखी हलकी. वस्ताद मिशीला पीळ देऊन सांगायचे, "मास्तर, ताकद अशी येतीया की इचारू नका! आता फुलासारखी उचलतो."

मल्लाप्पाण्णा एकदा चहाला आले. वस्तादांनी मोठ्या दिमाखात फडकं सोडून दाखवलं. आत ढेपेचा नारळाएवढा खडा!

वैनी शांतपणे म्हणाल्या, "साकर रेशनवर हाय. रोज इतकी माणसं बघायला येत्यात. च्या कशाचा करू?"

मल्लाप्पाण्णांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि म्हणाले, "वस्ताद, तुमची ताकद लय गोड हाय!"

त्यांनी दुसऱ्या दिवशी दोन नव्या ढेपा पाठवल्या. सोबत निरोप: ही व्यायामाची, आणि ही दुसरी चहाची.

* * *

वारं गेल्यापासून वस्तादांचं हसणं-रडणं त्यांच्या ताब्यात नव्हतं. भलत्या ठिकाणी डोळे वाहायचे. त्यांना त्याची फार लाज वाटायची. घराबाहेर पडायला नको म्हणायचे ते चालण्यापेक्षा या रडण्यापायी. एकदा मला म्हणाले, "मास्तर, पैलवान मानूस रडलेला कुनी बघितलाय का?" ज्या दिवशी व्यायाम चुके, त्या दिवशी पुन्हा भिंतीकडं तोंड. केला की माणूस वेगळाच! "अंगात ताकद किती आली ते ठाऊक न्हाई," ते म्हणायचे, "पर घाम आला की जीव हलका हुतो."

गोविंदाची मिरजेत मोठी कुस्ती होती. आम्ही वस्तादांना हट्टानं नेलं. गोविंदानं समोरच्याला धोबीपछाड मारली आणि वस्ताद एकदम हुंदके देऊन रडायला लागले. आम्ही त्यांना आडोसा करायला धावलो.

तोवर हरलेला पैलवान, अंगाची माती न झटकता, गर्दीतून वाट काढत आला आणि वस्तादांच्या पायावर डोकं ठेवून म्हणाला, "वस्ताद, माझ्या घरचं बी कुनी माझ्यासाठनं एवढं रडलं नसतं!"

वस्तादांनी रडत रडत त्याला उठवलं आणि जवळ घेतलं. पुढं तो आमच्याच तालमीत आला. खरं काय होतं ते त्याला कुणी कधी सांगितलं नाही.

* * *

आता आटपाडीचं सांगतो.

आटपाडीच्या जत्रेत कुस्त्यांचा फड होता आणि वस्तादांना पंच म्हणून बोलावणं आलं. दुसरे पंच तिथलेच खंडेराव. तरुणपणी या दोघांच्या दोन कुस्त्या झाल्या होत्या. दोन्ही वेळा दिवस मावळला, कुणी पडलं नाही, बरोबरीत सोडवल्या. तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. भांडण कशावरून, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

वस्ताद उजव्या हातात काठी घेऊन, एक एक पाऊल टाकत आखाड्याच्या मधोमध गेले. हलगी थांबली. लोक टाचा उंच करून बघत होते. समोरून खंडेराव आले, पटका बांधून, ताठ. मातीला हात लावून नमस्कार करायला वाकले आणि त्यांचा गुडघा धरला. वर येता येईना. म्हातारा मटकन मातीत बसला!

मागनं कुणीतरी हसलं. खंडेरावांचं तोंड लालबुंद.

उजव्या हातात काठी, म्हणून वस्तादांनी डावा हात पुढं केला. खंडेरावांनी क्षणभर त्या हाताकडं बघितलं, मग धरला. वस्तादांनी पाय फाकवून मांड्या रोवल्या आणि ओढलं. खंडेराव उभे राहिले! लोकांनी पटके उडवले. माझ्याशेजारी सिदू हवालदार गळा फाटेपर्यंत ओरडत होता.

पण त्या हाताची एक खोड होती. धरायला शिकला होता, सोडायला अजून नाही. एकदा मूठ आवळली की बोटं मनात येईल तेव्हा उघडायची.

"सोड की रं आता, तात्या," खंडेराव दबक्या आवाजात म्हणाले.

"सुटंना, गड्या."

"आरं, लोकं बगत्यात!"

"मग मी काय करू? हातच ऐकंना."

शेवटी दोघं तसेच हातात हात घालून चालत गेले आणि पंचांच्या सतरंजीवर बसले. सगळ्या फडाला वाटलं, केवढी ही दोस्ती! पहिल्या कुस्तीचा निकाल त्यांनी तसाच, हातात हात ठेवून दिला.

मग चहा आला. वस्तादांनी काठी बाजूला ठेवून उजव्या हातात कप घेतला आणि बशी घ्यायला डावा हात उचलला. बोटं आपसूक सुटली! दोघांनी गुमान चहा प्यायला. वस्तादांनी कपबशी खाली ठेवली, हात मांडीवर घेतला.

हलगी पुन्हा कडाडली. खंडेरावांनी समोर आखाड्याकडं बघतच आपला हात वस्तादांच्या पुढं केला.

"धर रं," ते म्हणाले. "लोकं बगत्यात."