मार्थाबाईंनी परत आणलेला आवाज

कॉम्प्युटर दुरुस्त करायला येणारा माणूस आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "जरा उठा." आपण खुर्ची रिकामी करतो, तो बसतो, खटाखट काहीतरी करतो आणि आपण त्याच्या पाठीशी उभे राहून चोरासारखे बघत राहतो. मार्थाबाईंनी मात्र कधी कुणाला उठवलं नाही. त्या शेजारी स्टूल ओढून बसायच्या, दोन्ही हात मांडीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तू कर. मी बघते."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. आमच्या गाळ्यात औषधाच्या बाटल्यांची लेबलं छापतात आणि त्यांचं डिझाइन कॉम्प्युटरवर जुळवण्याचं काम माझ्याकडे आहे. एका सोमवारी मशीन सुरू केलं, अपडेटचा गोल बराच वेळ फिरला आणि नंतर लेबलांचा प्रोग्राम उघडेचना. एक चौकोन यायचा, मी 'ओके' दाबायची, तो जायचा, परत यायचा. शेठ डोक्याला हात लावून बसले. मग त्यांनी बाजूच्या गाळ्यातून मार्थाबाईंना बोलावलं. पन्नाशी ओलांडलेल्या, सावळ्या, फुलाफुलांचा सुती फ्रॉक, पायात रबरी चप्पल, खांद्याला कापडी पिशवी. मला वाटलं, कुणी हिशोबनीस बाई असतील.

"काय लिवलंय त्याच्यात?" त्यांनी विचारलं.

"एरर आहे," मी म्हटलं.

"एरर हाय ते मला पण दिसतंय. लिवलंय काय? वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. प्रोग्रामला लागणारा एक भाग मशीनवर सापडत नाही, असं त्यात सरळ लिहिलं होतं. भागाचं नावसुद्धा होतं. सकाळपासून मी ते पंधरा-वीस वेळा न वाचता बंद केलं होतं.

"तो बिचारा आपलं दुखणं सांगतोय आणि तू त्याच्या तोंडावर दार लावते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडूनच एकेक गोष्ट करून घेतली. अपडेटने बंद केलेली एक जुनी सोय मी परत सुरू केली आणि दुपारच्या जेवणाआधी लेबलं छापून यायला लागली. त्या निघाल्या तेव्हा शेठ म्हणाले, "मार्थाबाई, जादू केलीत." मार्थाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मी कुठं? हिनं केली ना."

पुढे कळलं ते असं. त्या खाडीपलीकडच्या मनोरीच्या. रोज फेरीबोटीने मार्व्याला उतरायचं, तिथून बसने चारकोपला यायचं. तरुणपणी अंधेरीतल्या एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले, त्याबरोबर जाडजूड पुस्तकं आली. "सगळ्यांनी ती खिडकी उघडी राहावी म्हणून लावली," त्या सांगायच्या. "वाचणारी मी एकटी." कॉलेजचं तोंड न पाहिलेली ही बाई पुढे त्या ऑफिसची सगळी मशीनं सांभाळू लागली. ऑफिस बंद झाल्यावर आमच्या इस्टेटमधले निम्मे गाळे तिच्या भरवशावर होते.

पण मार्थाबाई कोण होत्या, हे मला खरं कळलं ते आमच्या घरी.

माझी मोठी बहीण नलूताई म्युनिसिपल शाळेत शिकवायची. मराठी आणि भूगोल. आमच्या मालवणी घराला शोभेल असा खणखणीत आवाज. वर्गात ती बोलायला लागली की बाहेरच्या पटांगणावरची मुलं आपोआप रांगेत उभी राहायची. तिला स्नायूंचा आजार झाला. आधी हात गेले, मग चालणं गेलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आवाजही जाईल. आवाज होता तोवरच एका संस्थेने तिला एक प्रोग्राम दिला. ताईने महिनाभर रोज थोडंथोडं बोलून त्यात चारेकशे वाक्यं भरली. 'पंखा कमी कर.' 'सुजू, दार लाव.' 'आज भाजीवाला आला नाही का?' नंतर पडद्यावर चौकोन ओळीने उजळत जायचे आणि हव्या त्या चौकोनावर ताई उजव्या अंगठ्याखालचं बटण दाबायची. की तिचाच आवाज, शाळेतला, ठणठणीत, खोलीत उमटायचा. शेवटी तिच्या अंगात हलणारं असं फारसं काही उरलं नव्हतं. तो अंगठा आणि डोळे.

एका रविवारी दुपारी त्या मशीनने अपडेट घेतलं. दोनदा बंद होऊन चालू झालं आणि नंतर ताईचा प्रोग्राम उघडेना, नुसता एररचा चौकोन यायचा. प्रोग्राम देणारी संस्था केव्हाच बंद पडली होती. कॉम्प्युटरवाला इंजिनियर आला. त्याने इंटरनेटवरून कुठलीशी फाइल उतरवून टाकली, एक नवा भाग बसवला, दोन तास खटपट केली. मग म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल. सगळं जाईल, पण मशीन नव्यासारखं होईल." वाक्यांची दुसरी प्रत आमच्याकडे नव्हती. ती काढून ठेवावी हे कधी सुचलंच नव्हतं. मी ताईकडे बघितलं. तिचा अंगठा बटण दाबत होता. पुन्हा पुन्हा, रिकाम्या पडद्यासमोर.

मी त्याला परत पाठवलं आणि मार्थाबाईंना फोन केला. त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आल्या. चप्पल दाराशी काढून त्या सरळ ताईच्या खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"नमस्कार बाई. मी मार्था. तुमचा कॉम्प्युटर बघू काय?"

"हो, बघा ना," मी म्हटलं.

"तुला नाय विचारलं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मग ताईला म्हणाल्या, "हो असेल तर डोळे मिटा. नको असेल तर उघडे ठेवा. घाई नाय."

ताईने डोळे मिटले. डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे ताईबद्दल मला विचारत. तिच्यासमोर उभं राहून मलाच. मीही सवयीने उत्तरं देत आले होते.

मार्थाबाईंनी स्टूल ताईच्या खुर्चीला लावून घेतलं, म्हणजे दोघींना पडदा सारखाच दिसेल. पहिलं काम केलं ते दुरुस्तीचं नव्हतंच. प्रोग्रामच्या पोटातली वाक्यांची फाइल शोधून तिच्या दोन प्रती दोन पेनड्राइव्हवर घेतल्या. एक माझ्या हातात दिला. "हा देवाकडे ठेव." दुसरा आपल्या पिशवीत टाकला. "आता वाट लागली तरी मशीनची लागेल. बाईंच्या बोलण्याची नाय."

मग त्यांनी इंजिनियरने आणलेली फाइल काढून टाकली. "कुठनं घेतली ही त्यानं? रस्त्यात पडलेली गोळी उचलून तोंडात टाकतात काय?" एररचा चौकोन माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला. अपडेट अर्ध्यातच अडकलंय, हे त्यांनी यादी उघडून ताईला दाखवलं. मलाही दाखवलं, पण आधी ताईला. अर्धवट उतरलेले तुकडे बाजूला केले, अपडेट पहिल्यापासून उतरवायला लावलं आणि मशीनला हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहून मशीनला स्वतःचे मोडलेले भाग तपासायला सांगितलं. आकडा वाढत बासष्ट टक्क्यांवर गेला आणि तिथेच थांबला. दहा मिनिटं झाली. वीस झाली. माझा हात माउसकडे गेला.

"हात मागे."

"अहो, पण अडकलंय ते!"

"तुला दिसत नाय म्हणून काम होत नाय असं असतं काय? बाई बघ कशा शांत बसल्यात."

ताई खरंच शांत बसली होती. मला वाटतं, 'बाहेरून हालचाल दिसत नाही, पण आत काम चालू आहे' हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणाला कळत असणार? अर्ध्या तासाने आकडा उडी मारून शंभरावर गेला. संध्याकाळपर्यंत अपडेट पुरं झालं. बोटीची वेळ झाली म्हणून मार्थाबाई उठल्या. "उद्या येते, बाई. अजून संपलं नाय." हे त्यांनी ताईला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी प्रोग्राम उघडायला गेलो तर परत एररचा चौकोन आला. मला रडूच फुटलं. मार्थाबाई मात्र पुढे झुकल्या. "वाच, वाच. कालचंच हाय काय?"

मी डोळे पुसून वाचलं. कालचं नव्हतं. दुसऱ्याच भागाचं नाव होतं.

"झकास!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "तक्रार बदलली. म्हणजे आपण एक पायरी चढलो."

पण हा भाग तर इंजिनियरने बसवला होता. यादीत त्याचं नाव स्पष्ट दिसत होतं. मी तसं म्हटलं. मार्थाबाई बराच वेळ यादी बघत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "मागतंय कोण ते आधी बघायचं. मशीन नवं हाय म्हणून त्या माणसानं नव्या मापाचा भाग घातला. पण मागणारं मशीन नाय, मागणारा प्रोग्राम. तो जुना हाय. त्याला त्याच्या मापाचा लागणार."

जुन्या मापाचा भाग मशीन बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवर होता. मीच उतरवला, मीच बसवला. नवा काढायची गरज नव्हती, दोन्ही शेजारी शेजारी राहू शकत होते. प्रोग्रामवर दोनदा टिचकी मारली आणि तो उघडला.

सगळे चौकोन रिकामे होते.

मी ताईकडे बघायला धजले नाही. मार्थाबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "घाबरू नका बाई. नव्यानं उघडला म्हणून यानं नवीन कोरी वही घेतलीय. जुनी आपल्याकडे हाय." त्यांनी पिशवीतून पेनड्राइव्ह काढून माझ्याकडे दिला. कोऱ्या फाइलच्या जागी मी ती प्रत ठेवली आणि पुन्हा उघडलं. एकेक करत चौकोन भरत गेले. शब्द, चित्रं, ओळीच्या ओळी.

चौकोन उजळत पुढे सरकू लागले. ताईचा अंगठा बटणावर होता. पंखा गेला, पाणी गेलं, दार गेलं. दोन दिवस मुकी राहिलेली माझी बहीण पहिलं काय बोलेल, याची आम्ही वाट बघत होतो. मार्थाबाईही हात मांडीवर घेऊन बघत होत्या. पाहुण्यांसाठीच्या वाक्यांची ओळ आली आणि अंगठा दाबला गेला.

"तुम्ही जेवलात का?"

ताईचा आवाज. तोच, पटांगणापर्यंत जाणारा.

मी हुंदका आवरायला तोंडात पदर कोंबला. मार्थाबाईंनी मात्र डोळेसुद्धा पुसले नाहीत. शेजारणीने विचारावं आणि शेजारणीने सांगावं तशा त्या म्हणाल्या, "नाय हो बाई, सकाळपासून काय नाय. काय केलंय आज?"

अंगठा पुन्हा दाबला गेला. "सुजू, ताट वाढ."

मी ताट वाढलं. बांगड्याची आमटी आणि भात. मार्थाबाई ताईच्या समोर बसून जेवल्या आणि जेवताजेवता तिला मनोरीतल्या माशांचे भाव, भाचीचं लग्न, कुणाच्या होडीचं इंजिन बिघडलं ते सांगत राहिल्या. मधे प्रश्न विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत थांबायच्या. चौकोन फिरत फिरत योग्य जागी यायला कधी दोन मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात त्यांनी एकदाही दुसरीकडे बघितलं नाही, की ताईचं वाक्य स्वतः पुरं केलं नाही. मी सात वर्षं तिची सेवा करत होते. मला ते जमलं नव्हतं.

त्यानंतर दर महिन्याला मार्थाबाई यायच्या. आधी प्रत काढायची, मग अपडेट, मग प्रोग्राम उघडून बघायचा. काम अर्ध्या तासाचं, बसायच्या मात्र दुपारभर. ताई त्यांची वाट बघायची. त्यांची बोट चुकली किंवा पावसामुळे बंद राहिली तर दिवसभर 'कोण आलं?' चा चौकोन दाबत राहायची.

ताई पुढच्या वर्षीच्या थंडीत गेली. छातीत कफ झाला आणि चार दिवसांत सगळं संपलं. तिचा कॉम्प्युटर तसाच चालू होता. रिकाम्या खुर्चीसमोर चौकोन ओळीने उजळत होते, सरकत होते, पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होते. लोक भेटायला येत, त्याच्याकडे बघत आणि नजर वळवत. बंद करायचं माझ्याच्याने होईना. अकराव्या दिवशी मार्थाबाई आल्या. ताईच्या फोटोपुढे उभ्या राहून त्यांनी छातीवर क्रूस काढला आणि मग माझ्याजवळ आल्या.

"बंद करू काय?" त्यांनी विचारलं. मी उत्तर देईपर्यंत त्या थांबल्या. बराच वेळ लागला मला.

"करा," मी म्हटलं.

पडद्यावर दोन पर्याय आले. अपडेट करून बंद करायचं, की नुसतं बंद करायचं. महिन्याचं अपडेट येऊन पडलं होतं. अपडेट टाळू नका, म्हणून सगळ्या इस्टेटला दटावणाऱ्या मार्थाबाई माउसवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

"नको," त्या म्हणाल्या. "बाईंनी ठेवलाय तसाच राहू दे."

आणि त्यांनी नुसतं बंद केलं.