बुटावरचा वास

अमेरिकेतल्या रानात माझा भाचा समीर याने नर हरीण खुरांनी उकरतं तशी फांदीखालची माती उकरली आणि नराला भुलवायला तिच्यावर बाटलीतलं हरिणीचं मूत्र ओतलं. थोडं माझ्या बुटावर उडालं.

"मामा, आता नर तुमच्याच मागे येणार!" असं म्हणत तो बंदूक घेऊन मचाणावर चढला.

मी जवळच्याच गाडीत बसलो. थोड्या वेळाने खरंच एक नर माझी पावलं हुंगत दारापर्यंत आला. काचेवर त्याच्या श्वासाची वाफ उमटली. ओढीपुढे तो भीती विसरला होता. मी विसरलो नव्हतो.

मग तो वळून त्याच पावलांवरून मचाणाकडे निघाला. हॉर्न वाजवला असता तर तो वाचला असता. समीर रागावेल म्हणून मी वाजवला नाही.

गोळी सुटली तेव्हा काचेवरची वाफ अजून विरायची होती.