शरयूच्या माश्यांचा पाक

शरयू गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्या मधमाश्यांसाठी साखरेचं पाणी ढवळत होते. दवाखान्यातून तिची मुलगी अदिती बोलत होती. ‘‘मावशी, आई गई...’’ एवढंच म्हणाली. दिल्लीत वाढलेली मुलगी, रडू आलं की तिला हिंदीच येते. मी गॅस बंद केला आणि बसून राहिले. नोएडात त्या सकाळी धुकं इतकं होतं की मागच्या अंगणातली माश्यांची पेटीही दिसत नव्हती. मला राग आला, आणि तो शरयूचाच आला. चार फुलं उमलेपर्यंत तरी थांबायचं होतंस...

आम्ही दोघी सरकारी नोकरांच्या बायका म्हणून दिल्लीत आलो, क्वार्टर्समध्ये शेजारणी झालो, पुढे दोघींनी नोएडात घरं घेतली आणि भांडत-भांडत म्हाताऱ्या झालो. तिचा नवरा गेला तेव्हा सगळ्यांनी तिला भजनी मंडळ सुचवलं. हिने मधमाश्या आणल्या. कडाक्याच्या थंडीत माश्या बाहेर पडत नाहीत, फुलंही नसतात, म्हणून बरणीच्या झाकणाला खिळ्याने बारीक भोकं पाडून, साखरेचं पाणी भरून ती पेटीवर उपडी ठेवायची असते. माश्या खालून चोखतात. पण शरयूचा हात पडला लाडवांचा. पहिल्याच हिवाळ्यात हिने चांगला एकतारी पाक केला, वर वेलची घातली. थंडीत पाकाची साखर झाली, भोकं बुजली. पेटी उघडली तेव्हा झाकणाखाली माश्यांचा खच पडला होता. डोक्यावर बरणीभर गोड आणि खाली उपासमार. नवऱ्याच्या वेळी चारचौघांत डोळ्यांतून टिपूस न काढलेली बाई त्या दिवशी अंगणात फतकल मारून रडली. मग वसंतात दुसऱ्या माश्या आणल्या आणि पाकाचं नाव टाकलं.

या हिवाळ्यात तिच्या अन्ननलिकेचा कर्करोग कळला, तेव्हा फार उशीर झाला होता. नाकातून नळी घातली. ‘‘माझीही बरणी टांगलीय बघ,’’ ती नळीकडे बोट दाखवून म्हणाली. मला हसू आलं नाही. पेटी माझ्यावर सोपवताना तिचा आवाज जेमतेम उरला होता.

‘‘वाटीला वाटी. विरघळली की उतरव, उकळत बसू नकोस. आणि भरायची संध्याकाळी.’’

‘‘बिल्कुल. अजून काही?’’

‘‘सरसों फुलेपर्यंत जगव. मग त्या आपलं आपण बघतील.’’

‘‘आणि तू?’’

‘‘माझं सोड यार. तू पातळ कर.’’

दिवाळीला अख्ख्या क्वार्टर्सला फराळ वाटणाऱ्या बाईला शेवटी पाण्याचा घोट गिळता येऊ नये, यात कसला न्याय आहे ते मला कळलेलं नाही. कोणी समजवायलाही येऊ नये.

दहाव्याला यमुनेकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. मेलेल्या माणसाची इच्छा अडकली असेल तर ती पुरी करू असं बोलायचं, की तो येतो म्हणतात. अदितीने घर विकणार नाही म्हणून सांगितलं, स्वतःच्या तब्येतीला जपेन म्हणाली, शेवटी हिंदीतही सांगून पाहिलं. इथल्या कावळ्यांचा काय भरवसा. मग भटजींनी माझ्याकडे पाहिलं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तरी मी हात जोडून पुढे झाले. ‘‘शरयू, माश्या मी जगवीन. पाणी पातळच करीन.’’ समोरच्या भिंतीवर दोन कावळे होते. ते उडून गेले. अखेर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावला आणि आम्ही परतलो. घरी आल्याबरोबर मी अंगणात गेले. आदल्या संध्याकाळी भरलेली बरणी चाटूनपुसून रिकामी होती.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी दोन सेक्टर पलीकडून चालत तिच्या घरी जाते. गेल्या आठवड्यात बरणी उचलली तर जशीच्या तशी भरलेली. पेटीला कान लावला, तर आत चांगली गुणगुण होती. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले तेव्हा माश्या यमुनेच्या खादरातून, नदीकाठच्या मोहरीच्या शेतांकडून येत होत्या, पायांना पिवळे गोळे लावून. सरसों फुलली होती. आता बरणी काढून, धुऊन ठेवायला हवी, नाहीतर पाणी आंबतं. शरयू असती तर तिने एव्हाना मला दहादा टोकलं असतं.

मी ओतून देते, आणि पुन्हा भरून ठेवते.