आमचे यंत्रसर

आमचे सर वर्गात बघता बघता यंत्र होत. हात अंगाला चिकटवून, नजर समोर लावून उभे राहत आणि म्हणत, "आता मी कॉम्प्युटर हाय. मला काय बी कळत न्हाई. सांगा, काय करू?" बीडच्या कॉलेजात एम.एस्सी. फिजिक्सच्या पहिल्याच वर्षी आम्हाला प्रोग्रॅमिंगचा पेपर होता. तो शिकवायला हे तासिकेवरचे सर रोज माजलगावहून एस.टी.ने येत. नेमणूक कच्ची, दरवर्षी नवी. मुलांनी त्यांना यंत्रसर हे नाव दिलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

पहिल्याच आठवड्यात एका मुलीने त्यांना हुकूम सोडला, "एक पाऊल पुढं टाका आणि पुन्हा तेच करा." सर निघाले. प्रयोगशाळेतून व्हरांड्यात, पायऱ्या उतरून थेट मैदानात. शिपायाने नमस्कार केला तर त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तसं सांगितलंच नव्हतं ना! आम्ही हसत मागे पळतोय. गेट ओलांडलं, समोरून रिक्षा आली, तेव्हा कुठे ती मुलगी ओरडली, "सर, थांबा!" सर थांबले आणि वळून म्हणाले, "कवा थांबायचं ते आधी कावून न्हाई सांगितलं? रिक्षाखाली गेलतो की मी!" नंतर गेटवरच्या टपरीवर सगळ्यांना चहा पाजला.

स्क्रीनवर एररची लाल अक्षरं उमटली की आमची पाचावर धारण बसे. यंत्रसर मात्र पाहुणे आल्यासारखे खूश होत, खुर्ची ओढून बसत. "वाच मोठ्यानं. ते शिव्या देत न्हाई, कुठं चुकलं त्याचा पत्ता सांगतंय." माझं इंग्रजी धारूरच्या डोंगरातलं, वाचताना घाम फुटायचा. पण सर एकेका शब्दाचं मराठी करून घेत. त्यांच्यापुढे चुकायची लाज कधी वाटली नाही.

फिजिक्सवर माझा जीव होता, आणि या एका पेपरापायी ते सुटायची वेळ आली. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत प्रश्न साधा होता: किल्ल्याच्या बुरुजावरून सोडलेला चेंडू किती वेळात खाली येईल? माझा चेंडू थांबेचना. उंचीचे आकडे उण्यात गेले ते खाली खालीच जात राहिले. शेजारची मुलं उठून गेली, मी बसून. चुलते कधीपासून म्हणत होते, "सोड ते कॉलेज, पोलीस भरतीचा क्लास लाव." दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्रयोगशाळेत सरांना सांगायला गेलो.

"सर, मला जमत नाही. मी सोडतोय." एवढं बोलतानाच रडू कोसळलं.

"काय जमत न्हाई?"

"काहीच नाही."

"हे 'काहीच' कितव्या ओळीवर हाय, दाखव."

मग कालचा प्रोग्रॅम स्क्रीनवर उघडून ओळीमागून ओळ ते माझ्याकडून वाचून घेऊ लागले. गुरुत्वाकर्षण बरोबर. वेग बरोबर. उंची बरोबर. शेवटच्या ओळीवर सरांनी बोट ठेवलं. "अन् जमीन? जमीन कुठं हाय ते सांगितलंस का त्याला? मग चेंडू थांबंल कशाला? यवढ्यापायी फिजिक्स सोडतूस व्हय?"

मी एक अट लिहिली. चेंडू थांबला. क्लासचं मी चुलत्यांना फोनवरच नाही म्हणून सांगितलं. त्या दुपारचे उपकार फेडायचे म्हटले तरी फिटणारे नाहीत.

पुढच्या वर्षी वेळापत्रकात सरांचं नाव नव्हतं. भेट झाली ती मला पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्यावर. पेढे घेऊन माजलगावला गेलो, तर सर मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, भावाच्या आडत दुकानात गादीवर बसलेले. कॉलेज कधी सुटलं, असं विचारलं तेव्हा सहज म्हणाले, "तू सोडतो म्हणून आलतास ना, त्याच दिवशी सकाळी. पुढच्या साली येऊ नका म्हणून सांगितलतं मला."

"सर, मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू रडू लागलतास. दोघं बी रडाय बसलो असतो, तर तुजा चेंडू कुणी थांबवला असता?"

एवढं बोलून त्यांनी पेढ्यांचा पुडा सोडला आणि दुकानातल्या हमालांना हाक मारली, "या रे, घ्या. आमचं पोरगं हाय हे. ऱ्हायलं फिजिक्समधी."