कार्डाला जोडलेली पितळी नळी

बुलढाण्याकडच्या उंद्रीच्या बसथांब्याजवळ रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चाचांनी माझी नोकरी वाचवली. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बीटी कापसातही बोंडअळी निघाली, त्या वर्षी मी आठवीतून शाळा सोडून कॉम्प्युटरच्या दुकानात लागलो होतो. तिथल्या वायफाय कार्डाला रेंज मिळेना. मालक म्हणाला, "आज नेट नाही आलं, तं उद्या येऊ नको."

मी कार्ड काढून चाचांकडे नेलं. त्यांनी रेडिओच्या सवयीनं ते आधी कानाशी धरलं. मग अँटेनासाठी फवारणी पंपाच्या पितळी नळीचा बोटभर तुकडा कापला आणि सोल्डरिंगची गन माझ्याच हातात दिली.

"चाचा, मले नाही जमत."

"मले मोतीबिंदू हाये बे. डोकं माह्यं, डोळे तुहे. जोड!"

जोडलं. नेट आलं.

आता इथं सुरतेत कामावर सोल्डरिंग करताना राळेचा वास आला की चाचा आठवतात. दिवाळीला गेलो की ऑपरेशनसाठी त्यांना बुलढाण्याला मीच नेणार.