बलस्थानांचं पान

अमेरिकन फुटबॉल हा खेळ मला कधीच आवडला नाही. आता तर त्यातल्या खांद्यावरच्या पॅडचा वास नुसता आठवला तरी नको होतं. कोबेच्या टेकडीवर आमचं विद्यापीठ होतं. मैदानाच्या कडेला पत्र्याची एक खोली होती आणि तिच्यात सगळ्या पोरांचे घामाने भिजलेले पॅड वाळत टाकलेले असायचे. जूनच्या दमट हवेत ते वाळायचे नाहीत, आंबायचे. माझे कॅमेरे ठेवायला मला तीच खोली मिळाली होती.

मी तिथे संशोधक होते. माणूस धावतो, फेकतो, उडी मारतो तेव्हा त्याचे सांधे कसे चालतात हे मोजायचं, एवढंच माझं काम. करार एकेका वर्षाचा, आणि तो वाढवायचा की नाही हे माझ्या प्रोफेसरांच्या हातात. हेच गृहस्थ विद्यापीठाच्या फुटबॉल क्लबचे प्रमुखही होते. घर काही माझ्या पगारावर चालत नव्हतं. नवरा बंदराजवळच्या एका व्यापारी कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझी कीव करायला नको.

२०११ च्या मोठ्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी क्लबात एक नवा क्वार्टरबॅक आला. तोहोकूतल्या, म्हणजे त्सुनामीने झोडपलेल्या ईशान्य जपानातल्या एका कॉलेजातून, बदलीची प्रवेशपरीक्षा देऊन, थेट तिसऱ्या वर्षाला. तिकडे त्यांच्या मैदानावर बेघर झालेल्यांसाठी तात्पुरती घरं उभी राहिली होती आणि क्लब मोडला होता. तो आला तेव्हा स्थानिक वर्तमानपत्रात त्याचा फोटो छापून आला, प्रोफेसरांच्या शेजारी, हेल्मेट छातीशी धरून. सगळ्यांच्या हेल्मेटवर ‘तोहोकू, धीर धर’ अशी चिकटपट्टी होती. फोटो झाला आणि त्याला बाकावर बसवलं. पहिला मोसम बाकावरच गेला. आता चौथं वर्ष, म्हणजे शेवटचा मोसम.

क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा कारभारी. प्रत्येक डाव त्याच्या हातातून सुरू होतो. समोरून चार-पाच धिप्पाड गडी त्याला आडवं करायला धावून येतात, आणि तेवढ्या दोन-तीन श्वासांत आपल्या गड्यांपैकी मोकळा कोण ते हेरून त्याने चेंडू फेकायचा. ही जागा संघात एकालाच मिळते. ती तेव्हा ज्याच्याकडे होती तो विद्यापीठाच्याच हायस्कुलातून वर आलेला, घरचा मुलगा. त्याचे वडील एके काळचे कप्तान आणि माजी खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष. शिवाय तो तिसऱ्या वर्षात होता, त्याच्यापुढे अजून एक मोसम पडला होता.

मे महिन्यात प्रोफेसरांनी मला बोलावलं. म्हणाले, “बाहेरून आलेल्या मुलाचं शास्त्रीय मूल्यमापन करा. बलस्थानं आणि उणिवा. कोण खेळणार ते त्यावरून ठरवू.”

‘त्यावरून ठरवू’ हे मी खरं मानलं. सात वर्षं जपानात काढलेल्या बाईने ते मानायला नको होतं. इथे बैठकीत काही ठरत नसतं. सगळं आधीच एकेकाला भेटून, चहा पिऊन ठरलेलं असतं आणि बैठकीत ते फक्त वाचून दाखवतात. पण ‘शास्त्रीय’ म्हटलं की आम्ही पुण्याची माणसं लगेच फुगतो.

नवरा हसला. “तुला लेगस्पिन आणि ऑफस्पिनमधला फरक कळत नाही, आणि तू क्वार्टरबॅक तपासणार?”

“मला खेळ कळायची गरज नाही,” मी म्हटलं, “मला खांदा कळतो.”

तीन आठवडे मी त्या कुबट खोलीतून कॅमेरे काढून मैदानावर लावले. पोरगा अंगाने किरकोळ होता. पण चेंडू हातात आल्यापासून सुटेपर्यंत त्याला जो वेळ लागायचा तो घरच्या मुलापेक्षा उघड कमी होता. पहिला गडी झाकलेला दिसला की नजर दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, आणि पाय नजरेबरोबर वळलेले. घरचा मुलगा पहिल्याच गड्याकडे टक लावून बसायचा आणि मग घाबरून कुठेही फेकायचा. शिवाय हा आपटला गेला की उठून आधी ज्याच्या चुकीने आपटला त्याच्या पाठीवर थाप द्यायचा. हे मोजता येत नाही, पण मी लिहिलं.

उणिवाही होत्या. डावीकडे पळताना फेकलेला चेंडू मागे पडायचा. लांबची फेक हवेत तरंगायची. मागून कोणी येतंय असं वाटलं की चेंडू कमरेपर्यंत खाली यायचा, तिथून तो कोणीही हिसकावला असता. आणि इथल्या गड्यांबरोबर त्याचा ठेका जुळलेला नव्हता. तो कसा जुळणार? त्यांच्याबरोबर त्याला कोणी खेळूच दिलं नव्हतं.

पुण्यात माझ्या गाइड बाईंनी एक गोष्ट डोक्यात घट्ट बसवली होती: उणिवा दुसऱ्याने दाखवायच्या आधी आपणच लिहाव्यात, आणि नीट सविस्तर लिहाव्यात, म्हणजे बाकीच्यावर विश्वास बसतो. मी तेच केलं. बलस्थानांचं एक पान, मोजक्या ओळींचं. उणिवांची चार पानं, कोनांसकट, आकृत्यांसकट. शेवटी एक वाक्य: या सगळ्या सरावाने सुधारण्याजोग्या आहेत, त्यालाच खेळवावं. माझ्या हाताने मी त्यांच्या हातात कोलीत दिलं.

प्रोफेसरांनी अहवाल वाचला आणि दातांच्या फटीतून हवा आत ओढली. जपानात असा आवाज आला की समजायचं, काम झालं नाही.

“पहिलं पान जरा अवघड आहे,” ते म्हणाले.

“चुकीचं आहे का?”

“छे, चुकीचं नाही. पण बैठकीला वेळ थोडा असतो. आणि शेवटचं वाक्य संशोधकाच्या कक्षेबाहेरचं आहे, नाही का?” मग त्याच गोड आवाजात, “तुमच्या पुढच्या वर्षाच्या कराराचे कागदही मी याच आठवड्यात बघतो आहे.”

मी मान डोलावली. तो माणूस पहिलं पान इतक्या हळुवारपणे स्टेपलरच्या पिनेतून सोडवत होता की मला शिसारी आली. पण मी बसून राहिले, आणि त्याने सुटं पान माझ्यापुढे सरकवलं तेव्हा ते घडी करून पर्समध्ये घातलं.

त्यांच्यात ‘हान्सेइकाई’ असते, म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या चुका मान्य करण्याची बैठक. पोरगा उभा राहिला, हात मांड्यांना चिकटवून. प्रोफेसर एकेक उणीव वाचत होते आणि प्रत्येक उणिवेला तो खणखणीत आवाजात “हाय!” म्हणजे ‘होय’ म्हणत होता. चार पानं, शेवटचं वाक्य तेवढं गाळून. माझे कोन, माझ्या आकृत्या. घरचा मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याला तरी लाज वाटत असावी. अध्यक्ष वडील पहिल्या रांगेत डोळे मिटून ऐकत होते.

शेवटी प्रोफेसर माझ्याकडे वळले. “हे सगळं तुमच्या मोजणीतून आलं आहे ना?”

“हो,” मी म्हटलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. याचीच मला सगळ्यात जास्त किळस येते. पोराने माझ्याकडे वळून कमरेत पूर्ण वाकून आभार मानले.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “करार गेला असता तर गेला असता. आपण काय उपाशी मरणार होतो?” मी त्याच्यावरच डाफरले, कारण तो खरं बोलत होता.

त्या हिवाळ्यापर्यंत पोरगा सरावात विरोधी संघाच्या क्वार्टरबॅकची नक्कल करत राहिला. दर आठवड्याला नवा संघ, नवी नक्कल, आपल्याच गड्यांकडून आपटून घ्यायचं. महत्त्वाचा सामना संघ हरला. सगळे रडले, प्रोफेसरही रुमाल काढून रडले. मला त्या रडण्याचाही वीट आला.

डिसेंबरात तो विद्यापीठातल्या माझ्या ऑफिसात आला. पॅड परत करून आला होता, अंगाला साबणाचा वास होता. खुर्चीच्या कडेवर बसला. म्हणाला, एका कंपनीच्या संघाने चाचणीला बोलावलंय, तोहोकूतल्याच. जावं की नाही ते कळत नाही.

“सेन्सेई, एक विचारू? तुम्ही मला तीन आठवडे पाहिलंत. उणिवा मला पाठ आहेत, सकाळ-संध्याकाळ त्यांच्यावर काम केलं. पण चांगलं असं काही दिसलं होतं का? एखादं तरी?”

पुढच्या वर्षाच्या करारावर माझी सही अजून व्हायची होती. मी ‘हो’ म्हटलं असतं तर त्याने पुढे विचारलं असतं, मग ते अहवालात का नव्हतं, आणि ती गोष्ट क्लबात पोहोचली असती. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर मला त्याच्यासमोर उघडं पडायची लाज वाटत होती, बाकी काही नाही.

“वेळ फार थोडा होता,” मी म्हटलं. “खास असं काही मोजता आलं नाही.”

त्याने दोनदा मान हलवली. चेहरा सैलावला, आणि तो हसला सुद्धा.

“बरं झालं विचारलं,” तो म्हणाला. “नाहीतर आयुष्यभर वाटत राहिलं असतं. आता खेळ सोडून देता येईल.”